तिप्पट झालेली पट्टी: अ‍ॅम्फेटामिन, डॅट आणि परळच्या एका प्रयोगाची उलटतपासणी

परळमधली एक प्रयोगशाळा. जुलैचा पहिला आठवडा. पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीच्या हातात एक वेस्टर्न ब्लॉट आहे: प्रथिनं वजनानुसार (किलोडाल्टनमध्ये) वेगळी करून अँटिबॉडीने दाखवलेल्या पट्ट्या, प्रत्येक नमुन्याला एक उभी लेन. सलाइन टोचलेल्या रॅटच्या लेनमध्ये ५० किलोडाल्टनपाशी बारीकशी पट्टी, आणि अ‍ॅम्फेटामिन टोचलेल्या रॅटच्या लेनमध्ये तीच पट्टी जवळजवळ तिप्पट गडद. अर्थ सरळ दिसत होता: औषध दिल्यावर मेंदूतलं एक एन्झाइम डोपामिन या निरोप्या रसायनाच्या वाहक प्रथिनाला जास्त प्रमाणात चिकटतं. निबंधाचं पहिलं चित्र ठरलंच होतं. पाठवण्याआधी गाइडनी ते शेजारच्या लॅबमधल्या एका मॅडमना दाखवायला सांगितलं. मॅडमनी ब्लॉट उजेडात धरला आणि एकच विचारलं, "ही आयजीजीची लेन कुठल्या जनावराच्या लायसेटची आहे गं?"

"सलाइनच्या, मॅडम."

"मग अ‍ॅम्फेटामिनवाल्या लायसेटची आयजीजी लेन कुठे आहे?"

ती नव्हतीच. लायसेट म्हणजे विरघळवलेल्या ऊतीचा द्रव. आयजीजी लेन ही तुलनेची लेन: तिच्यात वाहक प्रथिनाला न ओळखणारी साधी अँटिबॉडी वापरतात, म्हणजे उगाच काय चिकटतं ते कळतं. या प्रकरणाचं मूळ त्या नसलेल्या लेनमध्ये आहे.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. अशा प्रयोगांत पुन्हापुन्हा होणारे घोटाळे एका ठिकाणी आणून ते शिकवण्यासाठी रचलं आहे, त्यामुळे पट्ट्यांचे आणि तापमानाचे आकडे उदाहरणापुरते समजावेत. औषध, प्रथिनं आणि रसायनं यांच्याबद्दल जे लिहिलं आहे ते मात्र प्रस्थापित आहे.

औषध आत जाऊन काय करतं

डोपामिनचं वाहक प्रथिन, ज्याला लॅबमध्ये सगळे 'डॅट' म्हणतात, पेशीच्या पडद्यातून बारा वेळा आरपार जातं. माणसात ते ६२० अमिनो आम्लांचं असतं. त्याची दोन्ही टोकं, म्हणजे एन-टोक आणि सी-टोक, पेशीच्या आतल्या बाजूला लोंबतात. नेहमीचं काम एकच: सायनॅप्समध्ये, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्यात, सुटलेलं डोपामिन परत आत ओढून घेणं.

कोकेन आणि मिथाइलफेनिडेट हे काम अडवतात. ते डॅटच्या तोंडाशी बसतात, डोपामिन बाहेरच साचतं. अ‍ॅम्फेटामिनची तऱ्हा निराळी. ते डोपामिनसारखंच डॅटमधून आत शिरतं, तिथे व्हीमॅट-२ या दुसऱ्या वाहकाला हाताशी धरून पिशव्यांमधलं डोपामिन पेशीरसात सांडवतं, आणि मग डॅटलाच उलटं चालायला लावतं. आत ओढणारं प्रथिन बाहेर फेकू लागतं. दोघांनाही 'उत्तेजक' म्हटलं जात असलं, तरी प्रथिनांच्या पातळीवर ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. अ‍ॅम्फेटामिन मिळवणं अवघड, म्हणून कुणी त्याऐवजी मिथाइलफेनिडेट वापरून 'उत्तेजकांचा परिणाम' असं शीर्षक देत असेल, तर तो वेगळाच प्रश्न विचारतो आहे.

उलट्या वाहतुकीसाठी डॅटला मदतनीस लागतात. एन-टोकावरच्या २, ४, ७, १२ आणि १३ या जागांवर सेरिन आहेत. ही पाचही बदलून अ‍ॅलनिन केली तर डोपामिन आत ओढणं जवळपास पूर्वीसारखंच चालतं, पण अ‍ॅम्फेटामिनने होणारा उलटा प्रवाह सुमारे ८० टक्क्यांनी घटतो, हे २००४ मध्ये दाखवलं गेलं. त्या सेरिनवर फॉस्फेट चढवणाऱ्यांपैकी एक म्हणजे कॅम-के-टू, कॅल्शियम आणि कॅल्मोड्युलिनच्या इशाऱ्यावर चालणारं काइनेज. त्याचा अल्फा प्रकार डॅटच्या सी-टोकाला धरून बसतो आणि तिथून एन-टोकाचं फॉस्फोरिलेशन सोपं करतो, हे २००६ साली मांडलं गेलं. तिसरा गडी म्हणजे सिंटॅक्सिन-१ए हे प्रथिन. तो एन-टोकाला धरतो, आणि अ‍ॅम्फेटामिन दिल्यावर ही पकड वाढते, हे २००८ च्या कामातलं.

म्हणजे विद्यार्थिनीचा निकाल अशक्य अजिबात नव्हता. उलट, जो अपेक्षितच होता तो मिळाला. नेमकी हीच अडचण: जे अपेक्षित असतं त्याला कुणी आडवे प्रश्न विचारत नाही.

प्रयोग कसा झाला होता

विस्टार जातीचे नर रॅट, २५० ते ३०० ग्रॅमचे. अ‍ॅम्फेटामिन सल्फेट २ मिग्रॅ प्रति किलो, पोटात, १ मिलि प्रति किलो आकारमानात. इथे बारीक गोष्ट: सल्फेट मिठात मूळ बेसचा, म्हणजे खुद्द औषधाचा, वाटा साधारण ७३ टक्के. डोस मिठाचा की बेसचा, हे पद्धतीत लिहिलं नसेल तर दुसऱ्या लॅबला एक-चतुर्थांशाहून जास्त फरकाने डोस चुकवता येतो. इथे ते लिहिलेलं नव्हतं.

तीस मिनिटांनी डोकं वेगळं करून मेंदू काढला, स्ट्रायटम हा डॅट असलेला मेंदूचा भाग कापून घेतला (दोन्ही बाजू मिळून ५० ते ८० मिग्रॅ ऊती), १ टक्का ट्रायटन एक्स-१०० असलेल्या बफरमध्ये विरघळवला. १,००० जी वर (गुरुत्वाच्या हजारपट जोराने) दहा मिनिटं फिरवून वरचा द्रव घेतला. ५०० मायक्रोग्रॅम प्रथिनात डॅटच्या एन-टोकाविरुद्धची २ मायक्रोग्रॅम अँटिबॉडी, मग तिला धरून ठेवणारे बारीक मणी म्हणजे बीड्स, आणि ४ अंशांवर रात्रभर फिरवत ठेवलं. सकाळी धुऊन, सॅम्पल बफर घालून ९५ अंशांवर पाच मिनिटं उकळलं, जेल चालवलं, कॅम-के-टू अल्फाची अँटिबॉडी लावली.

वाचायला ही अगदी पाठ्यपुस्तकी पद्धत आहे. तिच्या जवळजवळ प्रत्येक पायरीत काहीतरी दडलेलं होतं.

पहिली खोट: ५० किलोडाल्टनची गर्दी

कॅम-के-टू अल्फा ५० किलोडाल्टनला धावतं. अँटिबॉडीची जड साखळी ५० ते ५५ ला. बीड्सवरची अँटिबॉडी उकळून सुटली की तिची जड साखळी नेमकी आपल्या पट्टीच्या डोक्यावर येऊन बसते, आणि दुय्यम अँटिबॉडी (पहिल्या अँटिबॉडीला पकडून पट्टी दिसती करणारी) तिलाही रंगवते. त्या रात्री एखाद्या नळीत बीड्स जास्त पडले तर पट्टी गडद. औषधाचा त्यात हात नाही.

शिवाय इथली डॅटविरुद्धची अँटिबॉडी रॅटमध्येच तयार केलेली होती. मेंदू सलाइनने धुऊन घेतलेला नव्हता, म्हणजे रक्तातली रॅटची स्वतःची आयजीजीही लायसेटमध्ये होती. रॅटच्या ऊतीवर रॅटची अँटिबॉडी चालते, पण मग दुय्यम अँटिबॉडी काय काय पकडते आहे याचा हिशोब ठेवावा लागतो.

यावर उपाय सोपे आहेत आणि त्यांतले दोन लगेच केले. अँटिबॉडी बीड्सना रासायनिक जोडाने कायमची बांधली आणि कॅम-के-टूसाठी वेगळ्या प्राण्यातली प्राथमिक आणि फक्त हलकी साखळी ओळखणारी दुय्यम अँटिबॉडी घेतली. हलकी साखळी २५ ला, वाटेत नाही. तिप्पट होतं ते दुपटीपर्यंत आलं. गाइड म्हणाले, दुप्पट तर दुप्पट, हरकत नाही.

ऐंशी किलोडाल्टनची डॅटची पट्टीही तेव्हाच नीट पाहिली गेली. उकळलेल्या नमुन्यांत ती जेलच्या माथ्याशी गोळा झाली होती. पडद्यातली बरीच प्रथिनं ९५ अंशांवर एकमेकांना घट्ट धरून गोळे करतात आणि जेलमध्ये शिरतच नाहीत. ३७ अंशांवर तीस मिनिटं ठेवल्यावर डॅट आपल्या जागी, रुंद धुरकट पट्टीच्या रूपात दिसला. साखरेच्या साखळ्यांमुळे तो रुंदच दिसतो, बारीक धारदार दिसला तर उलट शंका घ्यावी. कॅम-के-टूची पट्टी ज्या डॅटच्या पट्टीने भागायची तो भाजक मुळातच चुकीचा होता, त्यामुळे आधीची सगळी गुणोत्तरं बाद झाली.

दुसरी खोट: घड्याळ आणि एसी

प्रकरणाचा गाभा हा आहे, आणि तो नळीत नाही, जनावरांच्या खोलीत आहे.

मॅडमनी अ‍ॅम्फेटामिनवाल्या लायसेटची आयजीजी लेन लावायला सांगितली. तिच्यात डॅट नव्हता, असायलाच नको. कॅम-के-टू मात्र होतं, आणि सलाइनच्या आयजीजी लेनपेक्षा स्पष्ट जास्त. म्हणजे अ‍ॅम्फेटामिनच्या नमुन्यातलं कॅम-के-टू कुठल्याही बीडला चिकटत होतं. डॅटशी त्याचा संबंध असो वा नसो.

का? डोकं वेगळं झाल्यावर मेंदू लगेच मरत नाही, तो गुदमरतो. ऑक्सिजन थांबतो, कॅल्शियम आत धावतं, आणि कॅल्शियमवर चालणारं काइनेज जागं होतं. कॅम-के-टू मिनिटाच्या हिशोबात पेशीरसातून सायनॅप्सच्या घट्ट भागाकडे सरकतं आणि स्वतःचे गठ्ठे बांधतं. अशा बदलांना इतका थोडा वेळ पुरतो की काही लॅब मेंदूला मायक्रोवेव्हच्या झोताने एका क्षणात थिजवूनच पुढे जातात. गठ्ठे मोठे. पूर्ण एन्झाइम बारा उपघटकांचं, आधीच ६०० किलोडाल्टनच्या आसपास. १,००० जी ला ते खाली बसत नाहीत, वरच्या द्रवात राहतात, बीड्सवर अडकतात.

आता वेळेची नोंदवही उघडली. सलाइनचा रॅट शांत असतो. प्राणिगृहातले मामा त्याला एका हाताने उचलून देतात, मेंदू ७० ते ९० सेकंदांत बर्फावर. अ‍ॅम्फेटामिनचा रॅट तीस मिनिटांनी पिंजऱ्यात गरगर फिरत असतो, पकडायला हातमोजे घालून दोघं लागतात, मेंदू बाहेर येईपर्यंत तीन मिनिटं. आणि सगळे सलाइनचे रॅट आधी घेतलेले, अ‍ॅम्फेटामिनचे नंतर, कारण "अंगात औषध असलेले शेवटी घेऊ, म्हणजे सुईची अदलाबदल होणार नाही". हेतू चांगला, पण त्याने औषध आणि वेळ ही दोन कारणं एकमेकांत इतकी गुंतवली की नंतर आकडेमोडीने ती सोडवता येत नाहीत.

त्यात उकाडा. राहण्याच्या खोलीत २२–२४ अंश राखले जात होते. प्रक्रियेच्या खोलीतला एसी जूनअखेरीस बंद पडला होता आणि खिडक्या उघडून काम चाललं होतं, २९–३० अंशांत आणि पावसाळी दमटपणात. अ‍ॅम्फेटामिन शरीराचं तापमान कुठे नेईल हे बाहेरच्या तापमानावर ठरतं: गार खोलीत ते उतरू शकतं, उबदार खोलीत चढतं. एकत्र दाटीवाटीने ठेवलेल्या प्राण्यांत हे औषध जास्त घातक होतं हे १९४० च्या दशकात उंदरांवर दाखवलं गेलं आहे, आणि इथे औषध दिल्यावर रॅट चौघे-चौघे एका पिंजऱ्यात परत ठेवले जात होते. पुढच्या खेपेला गुदद्वारातलं तापमान मोजलं तर सलाइनचे ३७.६, अ‍ॅम्फेटामिनचे ३९.४. गरम मेंदू गुदमरतो तो जास्त वेगाने.

म्हणून एक जास्तीचा गट लावला. या गटातल्या रॅटना औषध नाही, फक्त सलाइन, पण डोकं वेगळं झाल्यावर तीन मिनिटं मुद्दाम खोलीच्या उष्म्यात थांबायचं आणि मग मेंदू काढायचा. ५० किलोडाल्टनची पट्टी वाढली. अ‍ॅम्फेटामिनचा एक थेंबही न देता, 'अ‍ॅम्फेटामिनमुळे वाढलेली' पट्टी समोर होती.

या एका गटाला लागले चार रॅट आणि एक दिवस. इतक्या स्वस्तात इतका निर्णायक प्रयोग क्वचित मिळतो. उत्तेजकांवरच्या कामात हा गट नेहमीच का लावत नाहीत, याचं मला तरी नवल वाटतं. इतर कित्येक औषधांत कंट्रोलचा आणि औषधाचा प्राणी हाताळायला सारखाच असतो. उत्तेजकात तसं होत नाही, कारण प्राणी गरम, चपळ आणि चिडका होणं हाच औषधाचा परिणाम आहे, आणि तो थेट नमुना गोळा करणाऱ्याच्या हातात उतरतो.

दुरुस्ती अशी केली. एसी चालू होईपर्यंत काम थांबवलं. प्रत्येक रॅट टोचण्याआधी तासभर त्याच खोलीत वेगळ्या पिंजऱ्यात, दोन आठवडे आधीपासून रोज हाताळून सवय लावलेला. सलाइन-अ‍ॅम्फेटामिन-सलाइन-अ‍ॅम्फेटामिन असा आळीपाळीने क्रम, सिरिंजांवर फक्त क्रमांक, टोचणाऱ्याला आतलं औषध ठाऊक नाही. डोकं वेगळं झाल्यापासून ऊती बर्फावर पडेपर्यंतची सेकंदं स्टॉपवॉचवर, आणि १२० सेकंदांच्या वर गेलेला नमुना बाद. बाद करायचा नियम आधी लिहून ठेवलेला, ब्लॉट बघितल्यावर नव्हे. लायसेट १६,००० जी ला वीस मिनिटं, म्हणजे गठ्ठे खाली बसतील. बफरमध्ये कॅल्शियम धरून ठेवायला ईडीटीए आणि ईजीटीए प्रत्येकी ५ मिलिमोलर, चढलेले फॉस्फेट उतरू नयेत म्हणून सोडियम फ्लोराइड १० मिलिमोलर, ऑर्थोव्हॅनाडेट १ मिलिमोलर. व्हॅनाडेट पीएच १० ला आणून, रंग जाईपर्यंत उकळून घेतलेलं. पिवळसर राहिलं तर त्याचा फारसा उपयोग होत नाही, आणि बाटलीवर तारीख नसेल तर ते नवीन करावं.

तिसरी खोट: नळीत जमलेली जोडी

आयजीजी लेन आता दोन्ही गटांत सारखी आणि फिकी. तरी एक मूळ प्रश्न उरतोच. पुढच्या मेंदूतल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण एक टक्का एकटं कॅम-के-टू असतं, आणि स्ट्रायटममध्ये त्यातलं बहुतेक तिथल्याच काटेरी न्यूरॉनमध्ये आणि ग्लुटामेटच्या टोकांत. डॅट मात्र डोपामिनच्या बारीक टोकांतच. म्हणजे लायसेटमध्ये डॅटभोवती जे कॅम-के-टू तरंगतं त्यातलं बरंचसं जिवंतपणी वेगळ्या पेशीत होतं. ट्रायटनने पडदे विरघळले की सगळे एकाच पाण्यात. दादरला फलाटावर उतरलेली गर्दी बघून कोण कुणाबरोबर डब्यात बसलं होतं ते सांगता येत नाही, तसलाच प्रकार.

तपासायची रीत ठरलेली आहे. एचईके-२९३ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये एचए खूण (अँटिबॉडीने ओळखता येणारा छोटा तुकडा) लावलेलं कॅम-के-टू अल्फा बनवून घ्यायचं, त्यांचं वेगळं लायसेट करायचं, ते स्ट्रायटमच्या लायसेटमध्ये मिसळायचं आणि नेहमीसारखा डॅट खेचायचा. एचए खूण डॅटबरोबर वर आली, तर ती जोडी नळीतच जमलेली आहे, कारण खूणवाल्या प्रथिनाने रॅटचा मेंदू कधी पाहिलेलाच नाही. रात्रभर, सोळा तास फिरवलेल्या नळीत एचए स्पष्ट दिसली. दोन तासांच्या नळीत अंधुक. म्हणून रात्रभरचं फिरवणं तिथेच बंद झालं. इम्युनोप्रेसिपिटेशन, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिन खेचणं, रात्रभर करायची सवय बहुधा घरी जाण्याच्या वेळेतून आलेली असावी, रसायनशास्त्रातून नक्कीच नाही.

पण दोन तासांतही थोडी एचए होतीच. तेव्हा जोड्या आधी, पडदे शाबूत असतानाच बांधायच्या असं ठरलं. त्यासाठी डीएसपी वापरलं. हा पडद्यातून आत जाणारा जोडक आहे, हाताची लांबी १२ अँगस्ट्रॉम, दोन्ही टोकांनी लायसिनला धरतो, आणि मधला गंधकाचा दुवा डीटीटी या रसायनाने तोडता येतो. ताज्या ऊतीचे सिनॅप्टोसोम, म्हणजे चेतापेशींची तुटून पुन्हा मिटलेली टोकं, केले (०.३२ मोलर सुक्रोज, टेफ्लॉनच्या दांड्याने दहा-बारा फेऱ्या, आधी १,००० जी, मग १२,००० जी), ट्रिस नसलेल्या बफरमध्ये घेतले, १ मिलिमोलर डीएसपी, बर्फावर तीस मिनिटं, मग ५० मिलिमोलर ट्रिसने पंधरा मिनिटं थांबवणं. ट्रिसमध्ये अमाइन असतं, ते सुरुवातीलाच असेल तर डीएसपी त्यालाच खाऊन बसतो. ताज्या ऊतीवर हे करायचं, एकदा गोठवलेली ऊती पडदे फाटल्यामुळे इथे चालत नाही.

जोडी एकदा रासायनिक धाग्याने बांधली की लायसेट कितीही कडक धुता येतं, आणि खरा फायदा तिथे आहे: ०.१ टक्का एसडीएस (तीव्र साबण) आणि ५०० मिलिमोलर मीठ. नळीत जमलेल्या सैल जोड्या यात सुटतात, बांधलेल्या टिकतात.

पहिल्या खेपेला काहीच बांधलं गेलं नाही. कारण शुद्ध मुंबईचं होतं. उणे २० मधली डीएसपीची बाटली काढून लगेच उघडली गेली. जुलैची हवा त्या थंड भुकटीवर क्षणात दव धरते, आणि डीएसपीची टोकं पाण्याने निकामी होतात. बाटली बंद ठेवून सिलिकाच्या डब्यात तासभर खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मगच झाकण काढायचं. १० मिग्रॅ १ मिलि कोरड्या डीएमएसओ या द्रावकात, म्हणजे साधारण २५ मिलिमोलर, वापरायच्या क्षणी तयार, उरलेलं फेकून द्यायचं. डीएमएसओही ओलावा ओढतं, त्यामुळे वर्षभर उघड-झाक झालेली बाटली चालत नाही. बांधणी झाली की नाही हे डीटीटी न घालता चालवलेल्या जेलवर लगेच कळतं: डॅट ८० वरून हलून माथ्याकडे गेला पाहिजे. न हलल्यास पुढची अँटिबॉडी वाया घालवू नये.

दुसऱ्या खेपेला बांधणी झाली, पण डॅटच खेचला जाईना. डॅटच्या एन-टोकावर तिसऱ्या आणि पाचव्या जागी लायसिन आहे. डीएसपीने नेमकी तीच जागा झाकली जिला अँटिबॉडी ओळखत होती. खरं तर ही अँटिबॉडी सुरुवातीपासूनच चुकीची होती. सिंटॅक्सिन एन-टोकाला धरतो, म्हणजे ज्या डॅटला सिंटॅक्सिन चिकटलेला आहे तोच अँटिबॉडीला सापडणं कठीण. सी-टोकाची घेतली तर कॅम-के-टूच्या जागेशी तीच भानगड. शेवटी पेशीबाहेरच्या दुसऱ्या वळणाविरुद्धची अँटिबॉडी घेतली. तिथे दोघांपैकी कुणीच बसत नाही. ती किंचित दुबळी, म्हणून ३ मायक्रोग्रॅम आणि ७५० मायक्रोग्रॅम प्रथिन. ३७ अंशांवर ५० मिलिमोलर डीटीटीने तीस मिनिटांत डीएसपीचा दुवाही तुटतो आणि डॅटही गोळा होत नाही, हे मात्र आयतंच जुळून आलं.

काय उरलं

प्रत्येक गटात आठ रॅट, एका रॅटची एक संख्या. तीन लेन लावल्या तरी रॅट एकच, ही गोष्ट आधीच्या आकडेमोडीत सुटली होती. पहिल्या ब्लॉटखाली लिहिलेले 'नऊ' नमुने म्हणजे मुळात तीन रॅट होते. गुणोत्तर खेचल्या गेलेल्या डॅटशी, लायसेटमधल्या अ‍ॅक्टिनशी नव्हे. ऋण नियंत्रण म्हणून सेरेबेलम, जिथे डॅट जवळपास नाही.

कॅम-के-टू अल्फा डॅटबरोबर दोन्ही गटांत आला आणि दोन्ही गटांत सारखाच आला. तिप्पट गेलं, दुप्पटही गेलं. याने २००६ चं निरीक्षण खोटं पडत नाही. काइनेज तिथे आधीपासूनच बसलेलं असू शकतं आणि औषधाने फक्त त्याचं काम वाढत असेल, जागा नाही. तीस मिनिटांची वेळही उशिराची असू शकते, कारण पेशींमध्ये हे बदल काही मिनिटांतच घडतात. म्हणून ५ आणि १० मिनिटांचे गट पुढच्या अर्जात घातले, त्यासाठी नीतिसमितीची सुधारित मंजुरी लागली.

सिंटॅक्सिन-१ए मात्र टिकला. ३५ किलोडाल्टनला, म्हणजे दोन्ही साखळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, अ‍ॅम्फेटामिनच्या आठपैकी सात रॅटमध्ये पट्टी जास्त, सरासरी दीडपटीच्या जरा खाली. थांबवून ठेवलेल्या सलाइन गटात ती वाढली नाही. कडक धुतल्यावरही गेली नाही. हे निबंधाचं पहिलं चित्र झालं, आणि त्या जुन्या ब्लॉटच्या तुलनेत ते दिसायला अगदीच साधं आहे.

परीक्षकांपैकी एकाने विचारलं की ही जोडी थेट आहे की मध्ये तिसरं कुणी आहे. डीएसपीच्या १२ अँगस्ट्रॉमवरून ते ठरत नाही, कारण साखळीने तीन-चार प्रथिनंही एकमेकांना बांधली जातात. प्रॉक्झिमिटी लायगेशन (दोन प्रथिनं जवळ असतील तरच खूण देणारी पद्धत) लावून ४० नॅनोमीटरच्या आत दोन्ही आहेत एवढं दाखवता येईल, पण त्या अंतरात एक सोडून बरीच प्रथिनं मावतात. त्यामुळे उत्तरात 'एकाच संकुलात' असे शब्द ठेवले, 'थेट जोडणी' कुठेही लिहिलं नाही. चित्राखालच्या मजकुरात डोस मिठाचा की बेसचा, खोलीचं तापमान, डोकं वेगळं झाल्यापासून बर्फापर्यंतची सेकंदं आणि बाद झालेल्या दोन रॅटचे क्रमांक छापले. मासिकाने शब्दमर्यादेसाठी सेकंदं काढायला सांगितली. ती काढली नाहीत, त्याऐवजी प्रस्तावनेतला एक परिच्छेद कापला.